दादांचा हात हलला नव्हता

बातमी आली तेव्हा मी रांजणगावच्या कारखान्यात पहिल्या पाळीवर होतो. आमच्या तपासणी विभागात मोबाईल टेबलाच्या खणात ठेवायचा नियम आहे. खण थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. तिसऱ्या वेळी मी तो उघडला. शिरूरहून यशवंतदादांच्या घरचा फोन होता. वहिनी रडत नव्हत्या. "सकाळी च्या घेतला, पेपर मागितला, आन् बसल्या जागी मान टाकली. तुम्ही या भाऊजी," एवढंच म्हणाल्या. माझ्यासमोर एक सुटा भाग होता आणि त्याचं माप घेणं अर्धं राहिलं होतं. मी ते पुरं केलं, तक्त्यात आकडा लिहिला आणि मग उठलो. असं का केलं ते मला अजून सांगता येत नाही. मी जागचा उठत नाही तोवर ते घडलेलं नाही, असं काहीतरी वाटलं असावं...

त्याला आता पाच आठवडे झाले. मधल्या काळात त्यांच्या वस्तीतल्या विहारात शोकसभा झाली. शिरूरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत पंचवीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलेला माणूस, त्यामुळे गर्दी चांगली होती. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या लग्नाचे फोटो दादांनी काढलेले होते. एक निवृत्त गुरुजी बोलायला उठले. दादांच्या स्वभावाबद्दल चांगलं बोलले आणि शेवटी म्हणाले, "अखेरच्या काळात हात कापायला लागला होता त्यांचा. कलावंताच्या वाट्याला असं येऊ नये." सगळ्यांनी माना हलवल्या. वहिनींनी पदर तोंडाला लावला. त्यानंतर माझं नाव पुकारलं गेलं. मी उभा राहिलो, दादांनी मला कसा धीर दिला, शिरूरमध्ये परक्याला कसं आपलं केलं, अशी चार वाक्यं बोललो आणि खाली बसलो.

जे बोलायला हवं होतं ते तिथे बोललो नाही, म्हणून इथे लिहितो आहे. दादांचा हात कधीही कापत नव्हता. तो कापतो असं त्यांना मी सांगितलं होतं.

मी मूळचा दौंडचा. वडील रेल्वेत होते, आमचं लहानपण तिथल्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. रांजणगावची औद्योगिक वसाहत नव्याने उभी राहत होती तेव्हा मला तिथे नोकरी लागली आणि मी शिरूरला खोली घेतली. गेटपाससाठी फोटो हवा होता, तो काढायला दादांच्या स्टुडिओत गेलो. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि नुसतं बघत राहिले. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मी म्हणालो, "काढा की." ते म्हणाले, "काढतो. आधी नोकरी लागल्यावानी तोंड तर करा. काढून टाकल्यावानी बसलाय." मी हसलो आणि त्यांनी बटण दाबलं. तो फोटो माझ्या गेटपासवर अकरा वर्षं होता. ते माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, तरी मला कायम 'साहेब' म्हणायचे. तपासणी विभागात आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, यावर त्यांची थट्टा चालायची. "आज किती जणांना नापास केलं, साहेब?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. मी त्यांना दादा म्हणायचो.

लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो ही सगळी कामं ते करायचे, पण शिरूर तालुक्यात आणि खाली दौंडच्या हद्दीपर्यंत त्यांना लोक ओळखायचे ते वेगळ्या कामासाठी. मयताचा फोटो काढायला दादांना बोलवायचे. ज्या घरात कुणी कधी स्टुडिओची पायरी चढलेलं नाही, अशा घरातलं माणूस गेलं की नेण्याआधी त्याचा एक फोटो काढून घ्यायची रीत आपल्याकडे होती, अजूनही कुठे कुठे आहे. भिंतीवर लावायला, वर्षश्राद्धाला हार घालायला तेवढाच एक चेहरा उरतो. हे काम दुसरे फोटोग्राफर टाळायचे. दादा जायचे. घरात शिरताना चपला बाहेर काढायचे, म्हाताऱ्या माणसांशेजारी थोडा वेळ गप्प बसायचे आणि मग उठून दोनच फोटो काढायचे. तिसरा कधी नाही.

आणि फ्लॅश कधी नाही. यामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. धंद्याच्या पहिल्या वर्षी एका गावात तरुण मुलगा विहिरीत पडून गेला होता. दादांनी फ्लॅश मारला. त्या उजेडात सावल्या हलल्या आणि पायाशी बसलेली आई किंचाळली, "डोळं हलवलं! माझ्या बाळानं डोळं हलवलं!" तिने मुलाला गदागदा हलवलं. लोकांनी नाडी बघितली, डॉक्टरला आणायला माणूस पाठवला. तास-दीड तास त्या घरात आशा होती. "तेवढा येळ ती बाई पुन्हा आई झाली हुती, साहेब," दादा म्हणाले, "आन् मग पुन्हा मेलं तिचं पोरगं. माझ्यामुळं दोनदा मेलं." त्या दिवसापासून मयताच्या तोंडावर फ्लॅश मारायचा नाही, हा नियम. अंधाऱ्या खोलीत दारातून, झरोक्यातून जो काही उजेड येईल तेवढ्यावर ते फोटो काढायचे. त्यांचा जुना रोलचा कॅमेरा आणि त्याचं मोठ्या तोंडाचं भिंग, दोन्ही त्याच कामासाठी जपलेली होती.

मग रोल मिळेनासे झाले. पुण्यातला ज्याच्याकडे ते धुवायला पाठवायचे त्यानेही यंत्र विकून टाकलं. लग्नाची कामं तोवर बरीचशी नव्या पोरांकडे गेली होती. त्यांच्याकडे मोठे डिजिटल कॅमेरे होते, व्हिडिओ होता, अल्बमवर गुलाबाची फुलं छापून यायची. दादांनी ठरवलं की आपणही डिजिटल घ्यायचा, पण मोठा नाही. "मयताच्या घरी तोफ घिऊन जायची न्हाई. शर्टाच्या खिशात मावंल असा पायजे. आन् चांगला पायजे. पोरांच्या खेळण्यातला नगं." खिशात मावणारा आणि तरीही खरा कॅमेरा. अशा जातीचे थोडे कॅमेरे तेव्हा बाजारात यायला लागले होते. दादा दहावीपर्यंत शिकलेले. सगळी माहिती इंग्रजीत. म्हणून निवड माझ्याकडे आली. माझ्या ऑफिसात इंटरनेट होतं. मी जेवणाच्या सुट्टीत वाचायचो, कागद छापून घ्यायचो आणि संध्याकाळी स्टुडिओत बसून त्यांना मराठीत सांगायचो. महिनाभर हेच चाललं होतं. बाकड्यावर कागद पसरलेले, वहिनी चहा ठेवायला जागा शोधताहेत. "दोन पोरींची लग्नं जुळिवली तवा येवढी चौकशी केली न्हवती तुमच्या दादानं," असं त्या म्हणायच्या.

शेवटी दोन उरले. एक काळा, एक चंदेरी. काळ्याला झूम जवळजवळ नव्हतंच, पण त्याचं भिंग मोठं उघडायचं, कमी उजेडात तो चांगला, आणि त्याच्या कड्या हाताने फिरवता यायच्या, जुन्या कॅमेऱ्यासारख्या. चंदेरीला झूम दहापट. मेगापिक्सेलचा आकडा मोठा. मागचा पडदा मोठा, झगझगीत. किमतीत फारसा फरक नव्हता.

आता जे लिहितो आहे ते मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मला पक्ष्यांचा नाद आहे. दर रविवारी आईला भेटायला दौंडला जायचो, तिथून पुढे भिगवणच्या बाजूला धरणाच्या पाण्यावर थंडीत रोहित पक्षी उतरतात ते बघायला जायचो. दुर्बिणीतून बघायचो, फोटो काढता यायचा नाही. स्वतःसाठी एवढा महाग कॅमेरा घ्यायची माझी ऐपत नव्हती आणि घरात तसं म्हणायची हिंमतही नव्हती. दादा मात्र पहिल्याच आठवड्यात म्हणून गेले होते, "घेतला की रवारी तुम्हीच न्या. रवारी मला काय काम? तेवढीच तुमची पाखरं हुतील." ते सहज बोलले होते. मी त्या दिवसापासून दादांसाठी कॅमेरा बघत नव्हतो. पाखरांसाठी बघत होतो. लांबचे पक्षी काळ्यातून मुंगीएवढे दिसले असते.

छापलेल्या एका लेखाच्या शेवटच्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की चंदेरी कॅमेरा कमी उजेडात चेहऱ्याचे बारकावे पुसून टाकतो आणि झूम वाढवलं की परिस्थिती आणखी वाईट होते. ते पान मी ऑफिसच्या खणात ठेवलं. बाकीची पानं दादांकडे नेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् अंधाराचं काय लिवलंय?"

"दोन्ही सारखेच आहेत," मी म्हणालो.

दोघं मिळून पुण्याला गेलो. दुकानात दादांनी दोन्ही कॅमेरे हातात घेतले आणि सगळी गिऱ्हाइकं रस्त्याकडे रोखून बघतात तसं न करता काउंटरच्या खाली, रिकाम्या खोक्यांच्या अंधारात बसून बघायला लागले. दुकानदार म्हणाला, "काका, तिथे काय हरवलंय का?" दादा म्हणाले, "जरा टूप बंद करता का?" "दुकानच बंद करतो, मग सावकाश बघा," दुकानदार म्हणाला, पण माणूस गमतीचा होता, त्याने एका बाजूची ट्यूब खरंच बंद केली. दादांनी दोन्ही कॅमेऱ्यांनी त्या खोक्यांचे फोटो काढले, पडद्यावर बघितले, आणि काळा उचलून मला म्हणाले, "साहेब, ह्याच्या डोळ्यात उजेड जास्ती शिरतोय."

मी तेव्हा थांबू शकलो असतो. अख्ख्या गोष्टीत एवढी सोपी जागा पुन्हा आली नाही. मी म्हणालो, "एवढ्याशा पडद्यावर काय कळतं दादा? आकडे बघा." आणि मग मी मला सापडलेलं सगळ्यात चांगलं कारण पुढे केलं. "तुम्हाला दर वेळी बायकांच्या घोळक्यात शिरून मयताजवळ जावं लागतं. तुम्हालाच ते आवडत नाही. याला झूम आहे. दारातच उभं राहायचं, तिथूनच चेहरा ओढून घ्यायचा. कुणाला त्रास नाही." हे त्यांना पटलं. दुसऱ्याला त्रास नको, हे म्हटलं की दादांना काहीही पटायचं, आणि ते मला माहीत होतं. काळा कॅमेरा त्यांनी काउंटरवर ठेवला, पण लगेच हात काढून घेतला नाही. चंदेरी घेऊन आम्ही शिवाजीनगरहून एसटीने परत आलो. वाटेत ते म्हणाले, "तुम्ही वाचलंय म्हंजी बराच असंल."

त्या हिवाळ्यात मी रोहित पक्ष्यांचे पुष्कळ फोटो काढले. दादांनी त्यातला एक स्वतः मोठा करून आणला, फ्रेम केला आणि माझ्या हॉलमध्ये लावा म्हणाले. उन्हात, पाण्यावर, चंदेरी कॅमेरा फार सुंदर चालायचा. मधल्या काळात दादांना मयताची दोन-तीन बोलावणी आली, तीही ओसरीवरच्या भर उजेडातली होती.

पावसाळा संपता संपता न्हावऱ्याच्या पुढच्या एका वस्तीवरून दादांना बोलावणं आलं. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारं, आता दोन पिढ्या शेतीवर स्थिरावलेलं घर. मंगल नावाची सून, बावीस-तेवीस वर्षांची, तीन दिवसांच्या तापात गेली होती. पदरी आठ महिन्यांची मुलगी. लग्न देवळात झालेलं, फोटोबिटो कुणी काढलेला नव्हता. मतदार ओळखपत्रही अजून झालेलं नव्हतं. तिचा चेहरा म्हणून कुठे काही नव्हतं.

सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं पडल्याशिवाय तिला घराबाहेर काढत नाहीत. मंगलचं माहेर लांब, माणसं यायला दुपार होणार होती. तोवर ती आतल्या खोलीत. एक दार, वर एक झरोका, आणि सगळी खोली बायकांनी भरलेली. दादा दारात उभे राहिले. आत शिरायला जागा नव्हतीच, आणि आता तर शिरायची गरजही नव्हती. त्यांनी झूम पुढे केलं, चेहरा ओढून घेतला आणि दोन फोटो काढले. पडद्यावर बघितलं. एवढ्याशा चौकोनात तो बरा दिसला. बाहेर आणल्यावर उजेडात आणखी एक काढावा असं त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, असं नंतर मला म्हणाले. पण माहेरची माणसं आली ती भांडतच आली. पोरीला वेळेवर दवाखान्यात का नेलं नाही, म्हणून. हाणामारीची वेळ आली. लुगडं टाकलं, तोंड झाकलं आणि घाईघाईने उचललं. फोटोचं नाव काढायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा मेमरी कार्ड घेऊन माझ्या घरी आले. संगणक माझ्याकडेच होता. मी फोटो उघडला. पडद्यावर मंगलचा चेहरा... चेहरा नव्हताच. ओल्या चुन्यावरून कुणीतरी तळवा फिरवावा तसं काहीतरी होतं. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. कुंकू तेवढं लाल डागासारखं दिसत होतं. दुसरा फोटो पहिल्याहून वाईट. दादा खुर्चीच्या मागे उभे होते. वाकून पडद्याजवळ आले. मग म्हणाले, "असं कशानं झालं, साहेब?"

ऑफिसच्या खणातलं ते पान मला अक्षर न् अक्षर आठवलं. समोर भिंतीवर रोहित पक्षी होते. बायको आत चहा टाकत होती. मी म्हणालो, "हात हलला असेल, दादा."

ते माझ्याकडे बघत राहिले. स्टुलावर बसलेल्या गिऱ्हाइकाकडे बघायचे तसे. मग त्यांनी स्वतःचा उजवा हात पुढे धरला, बोटं ताठ केली आणि त्या हाताकडे बघितलं. "हलला आसंल," ते म्हणाले. "वय झालं."

चेहरा साफ करता येईल का म्हणून ते पुण्याला दोन ठिकाणी जाऊन आले. कुणाला काही करता आलं नाही. नंतर ते एकटे वस्तीवर गेले. मला बरोबर चला म्हणाले होते. मी त्या दिवशी जादा पाळी असल्याचं सांगितलं. जादा पाळी नव्हती. तिथे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. लोकांनी हाकलून दिलं असणार, असं मी धरून चाललो.

मयताची कामं त्यांनी त्यानंतर घेतली नाहीत. "हात राह्यला न्हाई," एवढंच लोकांना सांगायचे. हे वाक्य शिरूरभर झालं. मग कुणी लग्नाला, बारशालाही बोलवेना. उरले ते पासपोर्टचे फोटो. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवून ठेवला, आणि तरीही स्वतः बटण दाबायचं नाही. गिऱ्हाईक बसवायचं, मान सरळ करायची, बाजूला उभं राहून बघत राहायचं आणि क्षण आला की "दाब" म्हणायचं. बटण वहिनी दाबायच्या. कॉलेजची पोरं हसायची. "काका, तुम्ही डायरेक्टर का?" दादाही हसायचे. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायला लागले होते. एकदा तपासून घ्यायला डॉक्टरकडेही गेले. डॉक्टरने काही नाही म्हणून सांगितलं. ते मला म्हणाले, "डॉक्टरला काय कळतंय? फोटो तर तुम्ही बघितलाय."

दादा जाण्याआधी दोन आठवडे मी स्टुडिओत गेलो होतो. त्या दिवशी सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. असं मी याआधीही बऱ्याच वेळा ठरवलेलं होतं, हेही लिहायला हवं. दादा एकटेच होते. म्हणाले, "बरं झालं आलास." इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा एकेरीत हाक मारली. "नजर हाय रं अजून. उजेड कुठनं कसा पडतोय ते समदं दिसतंय. नुसता हात गेला. माणसाचं असं एकच कायतरी कसं जातं?" माझ्या तोंडात वाक्य होतं. 'दादा, मी खोटं बोललो' एवढंच म्हणायचं होतं... तेवढ्यात एक बाई पोराचा शाळेचा फोटो काढायला आली, दादा उठले, वहिनींना हाक मारली. मी म्हणालो, "येतो मग निवांत." आणि निघालो.

शोकसभेनंतर आठ दिवसांनी मी वहिनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. पान, दुकान, पक्षी, ते वाक्य. काहीही वगळलं नाही. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडत राहिल्या. मला वाटलं, ऐकलं नाही की काय. मग म्हणाल्या, "दीड वरीस मी बटण दाबलं, भाऊजी."

मी मान खाली घातली.

"लोकं हसायची. ते घरी येऊन हात भित्तीला लावून बसायचे. हलतोय का बघ, म्हणायचे. मी बघायचे. मला हलतोय आसं दिसायचं न्हाई, पर ते म्हणायचे, तुला काय कळतंय, साहेबांनी संगणकावर बघितलंय." त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "मला सांगून काय करू मी आता? त्या वस्तीवर जाऊन सांगा. तिथं त्यांनी सवताच्या तोंडानं कबूल केलंय, माझा हात हलला म्हणून. तेवढं पुसून या. मग माझ्या घरी च्याला या. तवर नका येऊ."

गेल्या रविवारी मी दौंडला आईकडे गेलो नाही. न्हावऱ्याच्या पुढे गाडी वळवली. मंगलचे सासरे, आबा, दारात बाजेवर बसले होते. मी कोण ते सांगितलं. यशवंतदादा गेल्याचं त्यांना कळलेलं नव्हतं. ते ऐकून त्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. मग मी बाकीचं सांगितलं. कॅमेरा मी निवडला, तो अंधारात चालत नाही हे मला माहीत होतं, माझ्या हौसेसाठी ते लपवलं. दादांचा हात हलला नव्हता.

आबा बाजेवरच मागे वळले. मग आत तोंड करून म्हातारीला म्हणाले, "ऐकलं का? म्या म्हनलं न्हवतं तुला?" आणि मला म्हणाले, "उठा. आत या."

ती खोली तीच. एक दार, वर झरोका. आत गेल्यावर डोळ्यांना काही दिसेना, मग हळूहळू भिंत दिसली. फोटो लावलेला होता. तोच पुसलेला चेहरा, काचेच्या फ्रेममध्ये, आणि जमिनीपासून जेमतेम दोन हातांवर. एवढ्या खाली फोटो कुणी लावत नाही.

"फोटू देत न्हाई म्हनत हुते ते," आबा म्हणाले. "म्हनले, ह्यात कायच न्हाई, माझा हात हलला, मला माफी करा. रडले. म्या म्हनलं, आसंल तसा द्या. तिचाच हाय न्हवं? मग खिळा मागितला. म्या म्हनलं, द्या हिकडं, मी मारतो, तुमचा हात तर... तर म्हनले, न्हाई, माझं मीच लावनार. पोरगी तवा धरून उभी ऱ्हात हुती. तिला भित्तीपाशी उभी केली, तिचा हात कुठवर पोचतोय ते बघितलं, आन् तिथं खिळा धरला. एका घावात बसला बघा. तवाच म्या हिला म्हनलं, ह्यो काय हात हलनारा मानूस न्हवं."

"त्यांना म्हणालात का तसं?" मी विचारलं.

"ऱ्हाऊन गेलं," आबा म्हणाले. "रडत्या मानसाला काय म्हनायचं?"

मी खाली बसलो. जुनी मातीची भिंत, वरून चुन्याचा हात दिलेला. अशा भिंतीत खिळा मारला की ढेकूळ निघून येतं, चारदा जागा बदलावी लागते, हे ज्याने मारून बघितलंय त्याला माहीत आहे. खिळ्याभोवती टवकाही उडालेला नव्हता. काचेचा खालचा अर्धा भाग लहान बोटांनी धुरकट झालेला होता. मी फ्रेम जराशी बाजूला करून खिळ्याला बोट लावलं.

मागे कुणीतरी आलं. अडीच वर्षांची असेल, हातात भाकरीचा तुकडा, केसांना दोन रिबिनी. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या बोटाकडे. पुढे आली, फ्रेम दोन्ही हातांनी धरून पहिल्यासारखी सरळ केली आणि माझा हात ढकलला.

"हात नगं लावू," ती म्हणाली. "आई हाय."